काकवीचा स्टेक सॉस

कळंगुटच्या एका हॉटेलात मी अकरा वर्षं तव्यापाशी उभा होतो. तिथं टेबलावर स्टेक सॉसची परदेशी बाटली असायची. एकदा रिकामी बाटली धुताना लेबल वाचलं: टोमॅटो, मनुका, व्हिनेगर, संत्रं. म्हटलं, हे तर बेळगावच्या रविवार पेठेत एका फेरीत मिळतंय! वूस्टरशायर सॉसची तर आणखीनच गंमत. वूस्टर गावच्या दोन औषधवाल्यांनी तो १८३७ साली विकायला काढला आणि त्यात चिंच घातली. चिंच काय इंग्लंडात पिकते होय?

आता खानापूरला घरी असतो. गुऱ्हाळं सुरू झाली की दरवर्षी दोन-तीन बाटल्या करतो. गुऱ्हाळ लागतं ते काकवीसाठी. परदेशी सॉसात काळपटपणासाठी मोलॅसिस घालतात, म्हणजे मळी. आपल्याकडं मळी म्हटलं की साखर कारखान्याचा वास आठवतो, ती काय कुणी ताटात घेणार नाही. काकवीला तोच काळसर गोडवा असतो, वर उसाचा वास. नुसता गूळ घालूनही केलाय मी, पण चव एकसुरी लागते.

एका बाटलीला पाव किलो पिकलेले टोमॅटो, शंभर ग्रॅम बेदाणे, लिंबाएवढी चिंच, एक मोठा कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि एक संत्रं. अथणीकडचे बेदाणे मिळाले तर उत्तम, पण गंधकाची धुरी दिलेले पिवळेधमक नकोत, तपकिरी घ्या. मसाल्याला दहा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा आणि चमचाभर मोहरीची पूड. संकेश्वरी मिरची एकच, तीही बिया काढून. ती जहाल असते. रंगासाठी हवी असेल तर ब्याडगी घाला. काकवी तीन मोठे चमचे, मीठ एक चमचा, व्हिनेगर पाऊण कप. चोर्ला घाटातून कोणी येणार असेल तर मी गोव्याचं माडाचं व्हिनेगर मागवतो. दुकानातलं पांढरं चालतं, पण ते उग्र असतं, अर्धा कपच घ्या.

भांडं स्टीलचं. हे मी शिकलो ते नुकसान करून. पहिल्या वर्षी हौसेनं आईचं पितळी पातेलं काढलं. कल्हई कधीच उडालेली, माझं लक्ष नाही. चिंच, टोमॅटो आणि व्हिनेगर, तिन्ही आंबट एकत्र. अर्ध्या तासात सगळं कळकलं. कडेला हिरवट रेघ, जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव. पातेलंभर सॉस परड्यात ओतला.

बेदाणे आणि चिंच कपभर कढत पाण्यात तासभर भिजवा. चिंच कोळून चोथा, चिंचोके काढून टाका. कांदा चमचाभर तेलात मंद आचेवर चांगला तांबूस होऊ द्या, पंधरा मिनिटं तरी लागतात. इथं घाई केली की शेवटपर्यंत कच्चा कांदा नाकात येतो. मग आलं-लसूण, चिरलेले टोमॅटो, बेदाणे त्यांच्या पाण्यासकट, चिंचेचा कोळ, मिरची, मोहरी, मीठ आणि फडक्यात बांधलेली खड्या मसाल्याची पुरचुंडी. संत्र्याचा रस सगळा, साल मात्र नखाएवढी, आतला पांढरा भाग खरवडून, नाहीतर कडू होतं.

मंद आचेवर अर्धा तास. मग काकवी आणि व्हिनेगर घालून आणखी दहा मिनिटं. या वेळी पातेल्यावर वाकू नका, वाफ डोळ्यांत जाते. आमच्या घरात तर याच वेळी सोप्यातून आवाज येतो, "काय शिजवायलाय ओ, नाक जळायलंय!"

पुरचुंडी काढा, गार झाल्यावर मिक्सरला फिरवा आणि बारीक चाळणीतून गाळून घ्या. गाळायचा कंटाळा केलात तर टोमॅटोच्या बिया दातात येतात. परत पाच मिनिटं उकळा. थेंबभर गार बशीत टाकून मधून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली की झालं, दोन्ही बाजू लगेच मिळाल्या तर अजून आटवा. गार झाल्यावर आणखी दाटतो, हे धरून चाला.

काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा, सॉस कढत असतानाच भरा आणि गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर हात लावू नका. आज चाखलात तर व्हिनेगर वेगळं, चिंच वेगळी लागेल. आठ दिवसांत सगळं एकजीव होतं. महिनाभर टिकतो, ओला चमचा घातला नाही तर.

मटणाच्या चॉप्सना तो आधी चोळू नका. काकवी तव्यावर करपते आणि आतलं मटण कच्चंच राहतं. चॉप्स नुसत्या मीठ-मिरीवर भाजा, पाच मिनिटं झाकून ठेवा, सॉस ताटात बाजूला. सोमवारी आमच्याकडं मटण नसतं. मग सुरणाचे बोटभर जाड काप, खाज जावी म्हणून चिंचेच्या पाण्यात उकडून घेतलेले, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस. बायको म्हणते हाच खरा स्टेक, आणि बाटली स्वतःच्या ताटाकडं ओढते.