वर्गात सर्वधर्मसमभाव शिकवताना या चुका टाळा

सर्वांत सहज घडणारी चूक म्हणजे एखाद्या मुलाला त्याच्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून उभे करणे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिकवत असताना ती माझ्याही हातून घडली. रमजानविषयी सांग, म्हणून वर्गातल्या एकुलत्या एका मुसलमान मुलाला मी उठवले. तो डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत खाली पाहत राहिला आणि पुढे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत एकटाच बसला. माहिती देणे हे शिक्षकाचे काम आहे. मुलाने आपणहून सांगितले तर आनंदाने ऐकावे.

‘सगळे धर्म एकच सांगतात’ असे म्हणून विषय आवरता घेणे हीसुद्धा चूकच, कारण जैन मैत्रीण सूर्यास्तानंतर जेवत नाही हे मुले रोज पाहत असतात. वेगळेपण राखून शेजारी नांदता येते, हे त्यांना दाखवावे. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाच्या आरंभी तानसेनाच्या समाधीपाशी ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या परंपरेतील हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे पठणही होते. दोन्ही आपापल्या रीतीने. ग्वाल्हेर घराण्याचे गायक हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी यांनी आत्मसात केली आणि त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ती महाराष्ट्रात रुजवली, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

मात्र केवळ गोड गोष्टी सांगून भागत नाही. ग्वाल्हेर किल्ल्याच्या सहलीत उरवाई घाटीतील जैन मूर्तींसमोर ‘यांचे चेहरे कोणी फोडले?’ हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक शिक्षक तो ऐकून न ऐकल्यासारखा करतात. मग उत्तर मुलांना मोबाइलवर मिळते, तेही द्वेषासह. त्या मूर्ती नष्ट करण्याचा हुकूम दिल्याचे बाबराने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे, हे सरळ सांगावे; आणि त्याच दमात, बाबराच्या कृत्याचा जाब शेजारच्या बाकावरील मुलाला विचारता येत नाही, हेही स्पष्ट बजावावे. त्याच किल्ल्यावर शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांची कैद आणि सुटका यांची आठवण जपणारा दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, तिथेही थांबावे.

शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही.

कोणी धर्मावरून अपशब्द वापरलाच, तर वर्गासमोर हस्तांदोलन करवून प्रकरण मिटवू नये. आधी दुखावलेल्या मुलाजवळ बसावे, आणि बोलणाऱ्याला नंतर एकांतात, तो शब्द त्याने कुठे ऐकला, एवढेच विचारावे.