पॅराशूट पॅक करायला किती वेळ लागतो? घड्याळ लावण्याआधी या चुका टाळा

तारकर्ली, गणपतीपुळे, नागाव इथे बोटीमागे उडणारी रंगीत छत्री पॅक केलेली नसते. ती वाऱ्यावर आधीच फुगवलेली असते, दोर ताणला की वर जाते. तिच्यावरून स्कायडायव्हिंगच्या पॅराशूटचा अंदाज बांधू नये. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव, आणि दोन्ही घडी घालून भरलेली. मुख्य पॅराशूट उडी मारणारा स्वतः भरतो किंवा ड्रॉप झोनवरच्या (उड्यांच्या तळावरच्या) पॅकरला पैसे देऊन भरून घेतो. राखीवला मात्र प्रमाणित रिगरशिवाय (पॅराशूट तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाशिवाय) कोणी हात लावायचा नाही.

आता वेळ. हात बसलेला माणूस मुख्य पॅराशूट ८ ते १२ मिनिटांत भरतो. दिवसभर हेच काम करणारे पॅकर ५-६ मिनिटांतही उरकतात. टँडेमचं पॅराशूट दोन माणसांचं वजन पेलणारं, म्हणजे आकाराने बरंच मोठं, त्याला १५-२० मिनिटं धरा. नवशिक्याला पाऊण तास ते सव्वा तास लागतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. राखीवचं गणितच वेगळं. तपासणी धरून रिगरचे दोन ते चार तास जातात.

हे आकडे दुसऱ्याच्या घड्याळाशी जुळवायला दिलेले नाहीत. कोकणातली मंडळी बहुधा थायलंड, दुबई, स्पेन किंवा हरियाणातल्या नारनौलला जाऊन उड्या मारतात आणि पॅकिंगचा सराव घरी, पडवीत करतात. सराव चांगलाच. पण खारी हवा, वाळू, जांभ्याची धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यामुळे काही चुका इथे जास्त होतात, आणि त्या कशा होतात हे ड्रॉप झोनवरचा प्रशिक्षक सांगेलच असं नाही.

पहिली चूक जागेची

मध्यम कॅनोपी (पॅराशूटचं कापडी छत) लाइन्ससकट, म्हणजे दोऱ्यांसकट, जमिनीवर पसरली, तर हार्नेसपासून (अंगावर घालायच्या पट्ट्यांपासून) वरच्या टोकापर्यंत साधारण सहा-सात मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते. पडवी तेवढी असेल तर उत्तम. हार्नेस खांबाला अडकवून लाइन्सना ताण देता येतो. खळ्यात पसरायचं असेल तर खाली स्वच्छ ताडपत्री हवीच. सारवलेली जमीन दिसायला गुळगुळीत असते, पण तिची बारीक माती कापडाच्या शिवणींत जाऊन बसते. जांभ्याची फरशी त्याहून वाईट, तिच्या खरखरीत कडा लाइन्सचे धागे उपसतात.

एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडायची नाही: ज्या खळ्यात किंवा गच्चीत काजू बी वाळत घातली होती, तिथे पॅराशूट पसरू नका. काजूच्या टरफलातलं तेल हात भाजवतं, ते नायलॉनवर लागू देण्यात शहाणपण नाही. आंब्याचा चीक, बॅटरीचं आम्ल, डासांच्या औषधाचा फवारा यांनाही तोच नियम. नायलॉन आम्लाने कमजोर होतं आणि ते कमजोर झालेलं डोळ्यांना दिसतंच असं नाही. कोकमाचं सरबत तेवढं पडवीच्या दुसऱ्या टोकाला प्या.

ऊन हा दुसरा शत्रू. अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू कुजतं, म्हणून घडी घालायची ती सावलीत.

नवशिक्याचा वेळ जातो कुठे

सव्वा तासातला निम्मा वेळ एकाच ठिकाणी अडकतो: घडी झालेली कॅनोपी आतल्या बॅगेत कोंबताना. आजच्या बहुतेक कॅनोपी झीरो पोरॉसिटी कापडाच्या असतात. या कापडातून हवा आरपार जात नाही आणि ते हातातून सुळकन निसटतं. नव्या कॅनोपीत हा त्रास दुप्पट. आपल्याकडच्या दमट हवेत कापडावर स्थिर वीज कमी साठते, त्यामुळे कोरड्या मुलखापेक्षा ते थोडं कमी निसटतं, एवढाच काय तो समुद्राचा फायदा.

चूक अशी होते की माणूस कापडाशी कुस्ती खेळतो. गुडघ्याने दाबतो, हवा एका बाजूने दबते आणि दुसऱ्या बाजूने फुगते, सगळी घडी विस्कटते, मग पुन्हा पहिल्यापासून. हवेला बाहेर जायला वाट एकच, सेल्सच्या (कॅनोपीच्या कप्प्यांच्या) तोंडांकडून. म्हणून कॅनोपी गुंडाळून आडवी केली की वरच्या टोकाकडून लाइन्सच्या दिशेने, छातीचा आणि पोटाचा भार टाकत सावकाश पुढे सरका. दोन मिनिटं लागली तरी लागू देत. घडीची रुंदी बॅगेपेक्षा किंचित जास्त ठेवा, मग एस आकाराचे दोन दुमड घाला आणि प्रत्येक दुमडीवर गुडघा ठेवूनच पुढचा घाला. बॅगेत भरताना आधी दोन्ही कोपरे भरायचे, मधला भाग आपोआप बसतो. कोपरे रिकामे राहिले की बॅग चेंडूसारखी गोल होते आणि पुढे कंटेनर, म्हणजे पाठीवरची बाहेरची पिशवी, बंद होत नाही.

एकेका टप्प्याला हात बसलेल्या माणसाचा वेळ साधारण असा: तपासणी आणि ब्रेक (वळवायच्या, वेग कमी करायच्या मागच्या दोऱ्या) लावणं दोन मिनिटं, खांद्यावर घेऊन निऱ्या घालणं तीन, बॅगेत भरणं तीन, लाइन्स अडकवणं दोन, कंटेनर बंद करणं एक-दोन. निऱ्या हा शब्द इथे चपखल बसतो. नाकाकडच्या, म्हणजे पुढच्या कडेच्या, सात किंवा नऊ सेल्स मोजून गुडघ्यांत धरायच्या, मग ए आणि बी, बी आणि सी, सी आणि डी लाइन्सच्या (पुढून मागे अशा चार रांगा) मधलं कापड दोन्ही बाजूंना बाहेर काढायचं आणि लाइन्स सगळ्या मधोमध. नऊवारी नेसणाऱ्या हातांना हे लवकर जमतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसूनच उडी मारली होती. पॅकिंगमधल्या निऱ्यांना मात्र देखणेपणाचे गुण नाहीत. लाइन्स मध्ये आणि कापड बाहेर एवढं साधलं, तर जराशा वाकड्यातिकड्या निऱ्याही नीट उघडतात. नवशिके नेमके इथेच वीस मिनिटं घालवतात आणि जिथे डोळे उघडे ठेवायचे तिथे घाई करतात.

घाईत राहून जाणाऱ्या गोष्टी

पायलट शूटची, म्हणजे मुख्य कॅनोपीला बाहेर ओढणाऱ्या छोट्या छत्रीची, आतली दोरी न ओढणं ही सगळ्यांत महाग चूक. उघडल्यानंतर आपोआप मिटणारं पायलट शूट वापरत असाल, तर पॅक करण्याआधी त्याच्या मधली किल लाइन ओढून ते पुन्हा ‘जिवंत’ करावं लागतं. ते विसरलं तर हवेत फेकलेलं पायलट शूट फुगतच नाही, चिंधीसारखं मागे फडफडत राहतं, कंटेनर बंद ठेवणारी पिन निघत नाही आणि राखीववर जायची वेळ येते. ब्रायडलवर (पायलट शूट आणि बॅग जोडणाऱ्या पट्टीवर) एक छोटी खिडकी असते, तिच्यात रंगीत खूण दिसली पाहिजे. ही खूण दोनदा बघायची: कॅनोपी बॅगेत भरण्याआधी आणि कंटेनर बंद करण्याआधी.

दुसरी गोष्ट स्लायडर, म्हणजे लाइन्सवरून खाली सरकत कॅनोपी सावकाश उघडू देणारं चौकोनी कापड. जमिनीवर उतरताना आवाज आणि ओढ कमी व्हावी म्हणून त्याच्या दोऱ्या खेचून तो मिटवलेला असतो. तो तसाच मिटलेला राहिला किंवा चारही कड्या वर थांब्यांना टेकलेल्या नसल्या, तर कॅनोपी धाडकन उघडते. मानेला, पाठीला इजा होईल इतका जोराचा झटका बसू शकतो. कड्या थांब्यांवर आणून स्लायडरचं कापड चार भागांत नीट पसरायचं आणि नंतर घडी संपेपर्यंत लाइन्सचा ताण सोडायचा नाही. ताण ढिला झाला की स्लायडर गुपचूप खाली सरकतो.

ब्रेक लावताना टॉगलचं (ब्रेकच्या मुठीचं) टोक लाइनच्या फासातून आरपार गेलंय का बघा. अर्धवट अडकलेला ब्रेक उघडतानाच सुटतो आणि कॅनोपी एका बाजूला गरगरते. उरलेली ब्रेक लाइन रायझरवरच्या (हार्नेस आणि लाइन्स जोडणाऱ्या पट्ट्यावरच्या) जागेत खोचा, तिचा मोकळा फास गाठ मारायला टपलेला असतो.

लाइन्स सरळ आहेत का हे रायझरपासून स्लायडरपर्यंत बोटांत धरून चालत जाऊनच कळतं. हार्नेस लाइन्सच्या मधून एकदा ओलांडला गेला की सगळं दिसायला जवळजवळ बरोबर दिसतं, पण प्रत्यक्षात उलटं असतं. मधेच कोणी हाक मारली, फोन वाजला, तर जिथे थांबलात तिथून पुढे जाऊ नका. एक टप्पा मागे या आणि तो पुन्हा बघा.

रबरबँड

लाइन्स बॅगेवर अडकवायचे रबरबँड किनाऱ्यावर लवकर मरतात. उष्णतेने ते चिकट होतात, मग तडकतात. म्हणून पॅकिंगच्या किटमध्ये नव्यांची पुडी ठेवा आणि चिरा पडलेला एकही ठेवू नका. स्टेशनरीच्या दुकानातले चालत नाहीत, पॅराशूटच्या सामानातलेच घ्या. अडकवलेल्या लाइनचं टोक रबराच्या बाहेर पाच-सहा सेंटिमीटर येऊ द्या. फारच कमी किंवा ढिलं अडकवलं की सगळ्या लाइन्स एकदम सुटतात आणि पुन्हा तोच धाडकन झटका. उलट भीतीपोटी बारीक लाइन्सवर रबराचे दोन-तीन वेढे मारले, तर बॅगच उघडत नाही असाही धोका असतो. शेवटी रायझरपर्यंत अर्धा मीटरच्या आसपास लाइन मोकळी ठेवायची. बॅग पाठीवरून उचलली जात असताना तिला थोडी सैल लाइन लागते, नाहीतर ती एका कुशीवर कलंडते आणि लाइन्सना पीळ पडतो.

क्लोजिंग लूप

पिन ज्या बारीक फासात बसते त्याची किंमत मातीमोल, पण जबाबदारी मोठी. फास ढिला असेल तर विमानाच्या दारातच पिन निघू शकते. धागे विस्कटलेले दिसले की बदलायचा, जाऊ दे म्हणायचं नाही. तो लवकर झिजण्याचं एक कारण पॅकरच असतो: पिन घातल्यावर ओढदोरी (फास वर ओढून घ्यायला ओवलेली दोरी) सर्रकन खेचली की घर्षणाने फास जळतो. ती पिनच्या खालून, पिनला समांतर, सावकाश काढायची. आणि काढायची आठवण ठेवायची.

वाळू आणि खारं पाणी

किनाऱ्यावर उतरलात तर कॅनोपी ओढत नेऊ नका, गोळा करून खांद्यावर घ्या. कड्यांच्या आत आणि लाइन्सच्या विणीत बसलेली वाळू पुढच्या प्रत्येक उघडण्यात कानशीसारखं काम करते. नीट झटकल्याशिवाय पॅक करू नका, मग वेळ वाढला तरी चालेल.

कॅनोपी समुद्रात पडली तर वाळण्याआधी गोड्या पाण्याने धुवायची. खारं पाणी वाळलं की मिठाचे कण कापडात राहतात आणि ते कापतात, लोखंडी भागांना गंज येतो. साबण, पावडर, वॉशिंग मशीन यांपैकी काहीही नको. विहिरीचं पाणीही क्षार नसलेलं बघून घ्या, किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. भिजल्याने कापडाचा हवा अडवण्याचा गुण थोडा कमी होतो, म्हणून उगाच वरचेवर धुणंही बरं नाही. राखीव भिजलं असेल तर ते आणि त्याला आपोआप उघडवणारं उपकरण दोन्ही रिगरकडेच.

तीन कड्यांची सुटका यंत्रणा (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देणारी) दर महिन्याला सोडवून तिच्या पट्ट्या हाताने वळवायच्या आणि पिवळ्या केबल पुसून घ्यायच्या, हा जगभरचा रिवाज. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तो एक दिवसही पुढे ढकलू नये. वाळूने चिकटलेली केबल नेमकी ओढायच्या वेळी जड जाते.

पावसाळ्यातली साठवण

जूनमध्ये कपाटात टाकलेली बॅग थेट दिवाळीला उघडायची, ही सवय मोडा. नायलॉनला बुरशी सहसा खात नाही, पण त्यावरचा मळ, घाम, गवताचा रस तिला आवडतो आणि डाग कायमचे राहतात. ठेवण्याआधी पूर्ण कोरडं करा. मळभाच्या दिवसांत पडवीत पंख्याखाली दोन दिवसही लागतील, हीटर लावायची घाई नको. सिलिका जेलच्या पिशव्या बॅगेबाहेर, बंद डब्यात ठेवा. कपाटाचा खालचा कप्पा टाळा, उंदीर आणि झुरळं तिथूनच येतात. उन्हातल्या गाडीच्या डिकीत कधीच नको.

अमेरिकेच्या नियमात मुख्य आणि राखीव दोन्हींना पॅक केल्यापासून १८० दिवसांची मुदत आहे. अन्य देशांत राखीवची मुदत वेगळी असू शकते. जिथे उडी मारायला जाल तिथली मुदत आधी विचारा, कारण राखीवच्या कार्डावरची तारीख उलटलेली निघाली तर विमानात बसू देत नाहीत, आणि तिथल्या रिगरकडे आठवड्याची रांग असू शकते.

उघडताना त्रास होतोय, तर

दरवेळी झटका बसत असेल तर आधी स्लायडर, मग रबरबँड बघा. दरवेळी एकाच बाजूला वळत असेल तर पॅकिंगला दोष देऊ नका. बाहेरच्या स्पेक्ट्रा (एक कृत्रिम धागा) लाइन्स स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने आखडतात, डाव्या-उजव्या लांबीत फरक पडतो. ब्रेक लाइन आखडली की ब्रेक सोडूनही कॅनोपी ओढल्यासारखी चालते. अशा वेळी लांबी मोजून घ्या आणि गरज असेल तर लाइन्सचा संच बदलून घ्या, ते काम रिगरचं. कधीतरीच पीळ पडत असेल तर बॅगेवर लाइन्स दोन्ही बाजूंना सारख्या अडकल्यात का बघा, उडी मारताना खांदे तिरके होते का तेही आठवा. दोन्ही कारणं सारखीच नेहमीची आहेत.