घरी नेट नाही, तर शाळेने काय करावं

‘तुमच्याकडे इंटरनेट आहे का?’ असं पालकसभेत विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. पुण्यातल्या जनता वसाहतीत काय किंवा ताडीवाला रोडच्या वस्तीत काय, स्मार्टफोन बहुतेक घरांत असतो. पण तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो आणि रात्री परत येतो. तेव्हा वर्गशिक्षकांनी एकेका पालकाला बाजूला घेऊन विचारावं: फोन घरी किती वाजता असतो? त्यावर किती मुलं अभ्यास करतात? पॅक संपला की पुढचा लगेच मारता का? घरात बसून व्हिडिओ अडकतो का? यातून अडचण फोनची, पैशांची की रेंजची ते कळतं. हे न बघता सरसकट सिमकार्डं वाटली, तर निम्मी पडून राहतात.

पैशांची असेल, तर रोख न देता पालकांच्या नंबरवर थेट रिचार्ज करा. 28 दिवसांचा पॅक वर्षात 13 वेळा मारावा लागतो, देणगीदाराला हिशेब 13चाच द्या. दर एक तारखेला मारायचं ठरवलंत, तर महिनाअखेरीला दोन-तीन दिवस नेट बंद. व्हिडिओचा दर्जा 480पी (मध्यम) वर ठेवायला शिकवा. तासाला साधारण अर्धा जीबी जातो, एचडीला त्याच्या कितीतरी पट.

रेंजचं दुखणं जरा किचकट. पत्र्याच्या घरात सिग्नल मार खातो. वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन-तीन फोन घेऊन संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान जा, कारण गर्दी तेव्हाच असते. मूल जिथे अभ्यासाला बसतं तिथेच व्हिडिओ लावून बघा, उंबऱ्यावर नको. कुठलंच सिम चालत नसेल, तर फायबर, म्हणजे घरापर्यंत वायर ओढून घेतलेलं नेट. तिथे घोडं अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर: आधार गावाकडचं, वीजबिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार आहे का ते आधी बघा, आणि वायर ओढायला मालकाची परवानगी घ्या. राउटर कपाटामागे नको, आणि भिंतीपलीकडे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 पेक्षा 2.4 गिगाहर्ट्झ जास्त पोचतं. एका घराचं कनेक्शन चार घरांत विकायला कंपनीच्या अटी सहसा आड येतात. वस्तीतल्या दुकानदाराला ते रीतसर करायचं असेल, तर सार्वजनिक वायफायसाठीची केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना आहे. त्यात दुकानदाराला परवाना लागत नाही.

फोनच नसेल, तर सोसायट्यांमधून जुने मागवा. बॅटरी फुगलेला घेऊ नका. देणाऱ्याने आधी आपलं गुगल खातं काढायचं, मगच रीसेट. नाहीतर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

तोवर शाळा सुटल्यावर एक तास वायफाय चालू ठेवा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे धडे आधी उतरवून ठेवले, की घरी नेटशिवाय उघडतात.