चेहऱ्यावरचे तपकिरी ठिपके: फ्रेकल्स कसे ओळखावेत आणि काय करावे

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बनवतात. फ्रेकल्सच्या जागी या पेशींची संख्या वाढलेली नसते. ऊन लागले की तिथल्या पेशी आजूबाजूच्या पेशींपेक्षा जास्त मेलॅनिन बनवतात, एवढेच. हा कल जन्मजात असतो आणि त्यात एमसी१आर या जनुकाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच एकाच उन्हात खेळणाऱ्या दोन मुलांपैकी एकालाच ठिपके येतात. हा आजार नाही. ते घालवलेच पाहिजेत असेही नाही.

१. आधी ओळखा. खिडकीजवळच्या उजेडात आरसा धरा. साधारण १ ते ३ मिमीचे, सपाट, फिकट तपकिरी, लहानपणापासूनचे आणि हिवाळ्यात फिके पडणारे ठिपके म्हणजे फ्रेकल्स. चाळिशीच्या आसपास उमटलेले, जरा मोठे आणि वर्षभर तसेच राहणारे असतील तर ते उन्हाचे डाग. दोन्ही गालांवर सारखे पसरलेले चट्टे बहुधा वांग असतात. त्यात हार्मोन्सचाही हात असतो आणि उपचार वेगळे असतात.

२. सनस्क्रीन पुरेसे लावा. बहुतेकांचे इथेच चुकते. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा) ३० किंवा जास्त आणि यूव्हीए, यूव्हीबी हे उन्हातले दोन्ही अतिनील किरण अडवणारे घ्या. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढा: चेहरा आणि मानेला एवढे लागतेच. वाटाण्याएवढे लावले तर डबीवरचा आकडा त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. बाहेर पडण्याच्या १५ मिनिटे आधी लावा, उन्हात असाल तर दर २ तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. साध्या काचेतून यूव्हीए आत येते, त्यामुळे खिडकीशी बसणाऱ्यांनाही हे लागू आहे. सोबत रुंद काठाची टोपी हवीच.

३. लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर ती भाजल्यासारखी होते आणि आधीपेक्षा गडद डाग राहतो. गोरेपणाच्या क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर त्वचा पातळ होते.

४. फिके करायचेच असतील तर रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषध) क्रीम किंवा लेझर त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. गरोदरपणात रेटिनॉइड नको. उपचारानंतर ऊन टाळले नाही तर ठिपके परततात.

एखादा डाग बाकीच्यांहून वेगळा दिसतो, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग दोन-तीन छटांचा आहे, ६ मिमीपेक्षा मोठा आहे, वाढतो, खाजतो किंवा त्यातून रक्त येते, तर क्रीम लावत बसू नका. लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.