‘द अनटेम्ड’ कुणाला बघायला लावायची असेल तर

लिंक पाठवून ‘बघच, वेड लागेल’ म्हणणं ही शिफारस नव्हे. 2019 मध्ये टेनसेंट या चिनी व्हिडिओ मंचावर आलेली ‘द अनटेम्ड’ ही चिनी मालिका 50 भागांची आहे. एकेक भाग पाऊण तासाचा, म्हणजे समोरच्याकडे तुम्ही सदतीस तासांच्या वर वेळ मागताय. बहुतेक जण पहिल्या दोन भागांतच सोडून देतात, आणि त्यात बघणाऱ्यापेक्षा सुचवणाऱ्याची चूक जास्त असते.

1. माणूस पारखा

ज्याला घराण्यांचं राजकारण, शपथा, सूड, भूतप्रेत आणि लांबलचक गोष्ट आवडते त्याला सांगा. भाजी निवडताना टीव्ही चालू ठेवणाऱ्याला नको. इथे सबटायटल सतत वाचावी लागतात, आणि नजर हटली की अर्धा प्रसंग गेला.

2. प्रेमकथा किती आणि कशी, ते आधीच सांगा

मूळ कादंबरी मो शियांग तोंग शिउ या लेखिकेची. तिच्यात वेई वूशियान आणि लान वांगजी या दोन पुरुषांचं प्रेम उघड आहे, शरीरसंबंधांसकट. चीनमध्ये पडद्यावर समलिंगी नातं दाखवायला बंदी असल्यामुळे मालिकेत चुंबन नाही, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्यही नाही. आहे ते सगळं नजरेत, हाक मारण्यात, एका धुनेत आणि कपाळावरच्या पट्टीत. शियाओ झान आणि वांग यीबो या दोन अभिनेत्यांनी ते इतकं नेमकं केलंय की शब्दांची उणीव भासत नाही, पण हे बघणाऱ्याला आधी माहीत हवं.

‘जबरदस्त गे रोमान्स आहे’ असं सांगून बसवलंत तर माणूस दहाव्या भागापर्यंत चुंबनाची वाट बघून उठून जाईल. त्याला उघड प्रेम हवं असेल तर सरळ थाई मालिका सुचवा. उलट घरच्यांना पटावं म्हणून ‘दोन जिवलग मित्रांची गोष्ट आहे’ असंही सांगू नका. ते खोटं आहे. ज्या गोष्टीला तिच्या देशात स्वतःचं नाव घेता येत नाही, तिचं नाव आपणही लपवायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

3. पूर्ण 50 भागच द्या

20 भागांची एक खास आवृत्ती आहे, या दोघांवर भर देणारी. वेळ वाचेल म्हणून ती आधी देऊ नका. त्यात बाकीच्यांच्या गोष्टी इतक्या छाटल्यात की कोण कुणावर का चिडलंय ते कळत नाही. संवाद मूळ चिनीच ठेवा.

4. पहिले दोन भाग: इथेच सगळं घडतं किंवा बिघडतं

मालिका शेवटाजवळून सुरू होते. पहिल्याच प्रसंगात नायक वेई वूशियान कड्यावरून कोसळतो आणि गोष्ट थेट सोळा वर्षं पुढे जाते. मग एका अनोळखी घरात, मो शुआनयू नावाच्या माणसाच्या जागी तो जागा होतो. पाठोपाठ पोरंसोरं, प्रेतं, मुखवटे, डझनभर नावं आणि एकमेकांकडे डोळे वटारून बघणारी माणसं, ज्यांच्या रागाचं कारण कुणी सांगत नाही. नवख्याला वाटतं आपल्याला काही कळत नाही, आणि तो बंद करतो.

यावर तीन वाईट सल्ले कायम दिले जातात. एक, ‘थेट तिसऱ्या भागापासून बघ.’ नको. नायक मरणार आहे हे माहीत असल्यामुळेच पुढच्या तीस भागांतल्या त्याच्या हसण्याने जीव तुटतो. ते काढून घेतलंत तर सुरुवातीचे भाग नुसती शाळेतली मस्करी वाटतात. दुसरा, ‘सुरुवात कंटाळवाणी आहे, दहा भाग सहन कर.’ असं ऐकून कोण बसेल? तिसरा, पात्रांचा वंशवृक्ष पाठवणं. त्यात कोण मेलं आणि कोण कुणाचा मुलगा, हे सगळं आधीच फुटतं.

त्याऐवजी बसण्याआधी एवढंच सांगा: नायक सोळा वर्षांपूर्वी मेला आणि जगाला त्यात आनंद झाला. आता कुणीतरी मंत्राने त्याला परत आणलंय, म्हणून मो शुआनयू हे नाव ऐकलं तरी तो वेई वूशियानच समज. दोन भाग काही कळलं नाही तरी चालेल, तिसऱ्यापासून गोष्ट मागे जाते आणि तेहतिसाव्यापर्यंत तिथेच राहते.

आणि पहिले तीन भाग एकाच बैठकीत बघायला लावा. सव्वादोन तास काढता येतील अशी संध्याकाळ निवडा. दुसऱ्या भागावर थांबलेला माणूस परत येत नाही; तिसरा बघितलेला येतो, कारण तिथे लान घराण्याच्या तीन हजार नियमांच्या गुरुकुलात वेई वूशियान दारू घेऊन शिरतो आणि गोष्ट एकदम मोकळी होते.

5. नावं

प्रत्येकाला किमान दोन नावं आहेत. महाभारतात कर्ण, राधेय आणि वसुषेण एकच असतात हे ज्याला चालतं, त्याला हेही चालेल. सुरुवातीला कपड्यांच्या रंगावरून घराणी ओळखायला सांगा: पांढरे-निळसर लान, जांभळे जियांग, सोनेरी जिन, लाल वेन, करडे न्ये. मेंग याओ नावाचा माणूस पुढे जिन ग्वांगयाओ होतो. तो बदल आला की तेवढं लक्षात आणून द्या.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगाव्यात, कारण प्रेमकथा त्यांवरच चालते. जन्मनावाने हाक फक्त जवळची माणसं मारतात. वेई वूशियान लान वांगजीला ‘लान झान’ म्हणतो आणि तो याला ‘वेई यिंग’, तिथे कान द्यायचा. आणि लान घराण्यातल्या कपाळपट्टीला आईवडील, जोडीदार व मुलं सोडून कुणी हात लावायचा नसतो. हे माहीत असेल तर थंड तळ्याखालच्या गुहेत ती पट्टी वेई वूशियानच्या मनगटाला गुंडाळली जाते, तेव्हा बघणारा आपोआप ताठ बसतो.

6. मधले भाग

गप्प बसा. पुढे दुसऱ्या एका गुहेत येणारं अजस्र कासव कॉम्प्युटरवर केलेलं आहे हे स्पष्ट दिसतं. हसू द्या, पण त्यानंतरच्या दृश्यात लान वांगजी तापाने फणफणलेल्या वेई वूशियानसाठी एक धून गुणगुणतो, तेवढी निसटू देऊ नका. पुढे जियांग घराण्यावरचा हल्ला आणि नंतर तेहतिसावा भाग फार जड जातात. त्या दोन ठिकाणी माणसाला एकटं सोडू नका आणि तिथे थांबूही देऊ नका.

7. तेहतिसावा संपला की मागे जा

चौतिसावा लावण्याआधी दुसऱ्या भागाचा शेवट पुन्हा दाखवा. डोंगरावर वेई वूशियान बांबू कापून घाईघाईने बासरी करतो. ओबडधोबड, कर्कश सूर. साखळदंड ओढत आलेल्या वेन निंगला, त्याच्या जुन्या साथीदाराला, शांत करण्यासाठी तो नकळत एक धून वाजवतो, मागे मागे सरकतो, आणि कुणीतरी त्याचं मनगट धरतं. पहिल्यांदा ते नुसतं रहस्य वाटलं होतं. आता धून कासवाच्या गुहेतलीच आहे हे कळतं, आणि सोळा वर्षं तिची वाट बघणाऱ्या लान वांगजीचा चेहरा वाचता येतो. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि शिफारशीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

8. संपल्यावर

कादंबरी नंतरच द्या. इंग्रजी भाषांतर पाच खंडांत आलंय. मालिका अर्धी असताना ती हाती दिलीत तर खरा गुन्हेगार कोण ते आधीच कळेल. तिथे सोळाऐवजी तेरा वर्षं आहेत आणि घटनांचा क्रमही वेगळा आहे, एवढं सांगून ठेवा. त्याच कादंबरीवरची, 2018 मध्ये सुरू झालेली अ‍ॅनिमेशन मालिका त्याच्याही नंतर.