देशातला जुना राजकीय हिंसाचार आजही महत्त्वाचा आहे का, हे कसे तपासावे

एखाद्या देशात तीस, पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वी राजकीय हिंसाचार झाला असेल, तर त्याविषयी दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. काही जण म्हणतात की झाले गेले गंगेला मिळाले, आता जुनी मढी उकरू नयेत; इतरांच्या मते आज जे काही बिघडले आहे ते सारे त्या हिंसाचारामुळेच बिघडले. ही दोन्ही उत्तरे तपासाआधीच दिलेली असतात. खरोखर तपास करायचा असेल, तर ‘लोकांना ते आठवते का’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा. त्या हिंसाचाराने जे ठरवून टाकले त्यातले आज काय लागू आहे, आणि ते बदलले तर कोणाचे काय जाईल, असे विचारावे. ज्यात कोणाचेच काही जाणार नाही, तो विषय इतिहासकारांवर सोपवता येतो. ज्यात कोणाची तरी जमीन, खुर्ची, आडनाव किंवा तुरुंगाबाहेर राहण्याची मुभा पणाला लागलेली आहे, तो वर्तमानाचा विषय आहे, मग मूळ घटना कितीही जुनी असो.

सुरुवात कायद्यांपासून करणे सोयीचे, कारण कायदा कागदावर सापडतो आणि त्यासाठी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही. माफीचे कायदे, बंदीचे कायदे आणि राज्यघटना, या क्रमाने शोध घ्यावा. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, माफीचा कायदा झाला. त्याने राजवटीच्या विरोधकांवरचे गुन्हे पुसले, पण त्याच कायद्याच्या आडोशाने राजवटीच्या अधिकाऱ्यांवरचे खटलेही अडले, आणि तो कायदा अद्याप रद्द झालेला नाही. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट असलेल्या किंवा तसे समजल्या गेलेल्या लोकांची हत्या झाली. बहुतेक अंदाज पाच लाख किंवा त्याहून मोठा आकडा सांगतात. त्या वेळी, म्हणजे १९६६ मध्ये, कम्युनिस्ट पक्षावर आणि मार्क्सवादाच्या प्रसारावर घातलेली बंदी आजही कायम आहे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी जानेवारी २०२३ मध्ये मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या १२ घटना मान्य करून खेद व्यक्त केला आणि त्यांत या हत्याकांडाचाही समावेश होता. अशा वेळी खेद आणि बंदी या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात. केवळ खेदाची नोंद करून पुढे गेल्यास निष्कर्ष हमखास चुकतो.

मात्र कायदा अस्तित्वात आहे एवढ्यावरून तो जिवंत आहे असे मानू नये. तो शेवटचा कधी वापरला गेला आणि न्यायालयांनी त्याचा कोणता अर्थ लावला, हे पाहावे. चिलीचे उदाहरण येथे फार शिकवणारे आहे. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने १९७८ मध्ये काढलेल्या माफीच्या हुकमाने सप्टेंबर १९७३ पासून मार्च १९७८ पर्यंतच्या गुन्ह्यांवर पांघरूण घातले. परंतु ज्यांना पकडून नेले आणि ज्यांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत, त्यांचे अपहरण कायद्याच्या दृष्टीने अजून संपलेलेच नाही, असा अर्थ तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्वीकारला. जो गुन्हा चालूच आहे, त्याला १९७८ मध्ये संपणारी माफी कशी लागू होणार? मृतदेह लपवणाऱ्यांनी पुरावा नष्ट करण्यासाठी जे केले, त्यानेच त्यांच्यावरचा खटला खुला ठेवला.

म्हणूनच बेपत्ता माणसांचा शोध हा तपासातला सर्वांत महत्त्वाचा भाग मानावा, आणि त्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. किती जण बेपत्ता आहेत, त्यांचा शोध कोण घेत आहे, त्याचा खर्च कोण उचलतो आणि अडवते कोण, असे प्रश्न घ्यावेत. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धातील आणि त्यानंतरच्या दडपशाहीतील एक लाखाहून अधिक बळींचे अवशेष सामूहिक कबरींमध्ये असल्याचे मानले जाते. कबरी उघडण्याचे काम वर्षानुवर्षे नातेवाइकांच्या संघटनांनी रेटले आणि २०२२ च्या कायद्याने ती राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली. अर्जेंटिनात मार्च १९७६ च्या लष्करी उठावानंतर अटकेतील स्त्रियांची अर्भके काढून घेऊन इतर कुटुंबांत दिली गेली. त्या अर्भकांच्या आज्यांनी १९७७ मध्ये संघटना उभारली, १९८७ मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहिती पेढी स्थापन झाली आणि आजवर १३० हून अधिक नातवंडांची खरी ओळख पटली. संघटनेच्या अंदाजानुसार अशी मुले सुमारे ५०० होती. जी सापडलेली नाहीत ती आता पन्नाशीकडे झुकलेली माणसे आहेत, आणि आपले आडनाव खोटे असल्याचे त्यांना ठाऊकही नसेल. ‘हे सगळे जुने झाले’ असे कोणी म्हटले, तर या माणसांच्या बाबतीत ते कोणत्या तारखेला जुने झाले, एवढेच विचारावे.

आकड्यांवरचा वाद हाही पुरावा असतो. बेपत्ता व्यक्तींच्या चौकशीसाठी नेमलेल्या अर्जेंटिनाच्या सरकारी आयोगाने १९८४ मध्ये त्यांच्या ८,९६० नोंदी दिल्या, तर मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. कोणता आकडा बरोबर, हे ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येक आकडा कोणी, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या वर्षी काढला ते नोंदवावे आणि आजच्या राजकारणात कोणता पक्ष कोणता आकडा वापरतो ते पाहावे. सरकारी अहवालांनाही हीच शिस्त लावावी. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातील नागरिकांवर गोळीबार केला. त्याच वर्षीच्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले होते. १९९८ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या चौकशीचा अहवाल २०१० मध्ये आला, त्याने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ज्याने केवळ पहिला अहवाल वाचला असेल, त्याचा निष्कर्ष कितीही काळजीपूर्वक लिहिलेला असला तरी निरुपयोगी ठरेल.

जमिनीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीने १९७५ ते १९७९ या काळात खासगी मालकी रद्द केली, दस्तऐवज नष्ट झाले आणि १९७९ पूर्वीची मालकी नंतरच्या कायद्याने मान्य केली नाही. तेथील आजच्या जमीन-तंट्यांची एक मुळी तिथे पोहोचते. कोलंबियाला विस्थापितांच्या जमिनी परत करण्यासाठी २०११ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणून नोंदणी कार्यालयातील कागद हिंसाचाराच्या वर्षाच्या मागे जातात की त्या वर्षी तुटतात, हे जरूर तपासावे.

त्यानंतर माणसे पाहावीत. हिंसाचाराच्या वेळी ज्या अधिकाऱ्याचे वय पंचवीस होते, तो चाळीस वर्षांनी सर्वोच्च पदावर असू शकतो. पिनोशे मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुख होते आणि त्यानंतर तहहयात सिनेटर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना लंडनमध्ये अटक झाली नसती, तर चिलीतील खटल्यांना तसा वेग आला असता का, याविषयी मला शंका आहे.

लोकांच्या मौनाचा अर्थ लावणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे. लोक बोलत नाहीत याचा अर्थ ते विसरले असा होऊ शकतो, आणि ते घाबरतात असाही होऊ शकतो. ग्वाटेमालात शांतता करार डिसेंबर १९९६ मध्ये झाला. एप्रिल १९९८ मध्ये बिशप हुआन हेरार्दी यांनी यादवीतील अत्याचारांचा चर्चने तयार केलेला अहवाल प्रसिद्ध केला आणि दोन दिवसांनी त्यांचा खून झाला. या खुनाबद्दल पुढे लष्करी अधिकारीही दोषी ठरले. अशा देशात जनमत चाचणीत ‘तो विषय महत्त्वाचा वाटत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर कोणासमोर दिले गेले हे आधी पाहावे. स्वतः मुलाखती घेणार असल्यास नावे आणि गावे टिपणांतही लिहू नयेत; बोलल्याची किंमत विचारणाऱ्याला नव्हे, बोलणाऱ्याला मोजावी लागते.

आता उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे तपासावी. फिनलंडमध्ये १९१८ च्या यादवी युद्धात सुमारे ३७,००० माणसे मेली, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम तीस लाख होती. पराभूत झालेल्या समाजवादी बाजूच्या कुटुंबांना उघड शोक करणेही बराच काळ कठीण होते. तरी त्याच वर्षी कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा झाला, १९१९ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाने २०० पैकी ८० जागा जिंकल्या आणि १९२६ मध्ये त्याचे सरकारही आले. पराभूतांना जमीन आणि सत्ता या दोन्हींत वाटा मिळाला, म्हणून आज तो संघर्ष प्रामुख्याने स्मरणाचा विषय आहे, कायद्याचा किंवा मालकीचा नाही. हिंसाचाराची तीव्रता आणि त्याचे टिकणे यांचा थेट संबंध नसतो, हे या उदाहरणावरून दिसते. त्याचप्रमाणे चिलीच्या मतदारांनी २०२२ आणि २०२३ मध्ये नव्या राज्यघटनेचे दोन मसुदे नाकारले, म्हणून १९८० ची राज्यघटना कायम राहिली; पण त्यावरून त्यांना जुनी राजवट हवी होती असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण पहिला मसुदा डाव्यांच्या प्रभावाखाली आणि दुसरा उजव्यांच्या प्रभावाखाली तयार झाला होता.

टिकून राहिलेला भूतकाळ आणि उकरून आणलेला भूतकाळ यांच्यातही फरक करावा. सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांनी २८ जून १९८९ रोजी कोसोवोतील गाझिमेस्तान येथे सर्ब आणि ऑटोमन तुर्क यांच्यातील १३८९ च्या लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी प्रचंड सभा घेतली. त्या लढाईने आखलेला कोणताही कायदा किंवा मालकी शिल्लक नव्हती; राजकारणाला तिची गरज होती. असा भूतकाळही माणसे मारू शकतो, परंतु त्याचे कारण वर्तमानात शोधावे लागते. याउलट दक्षिण कोरियात डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा जाहीर केला, तेव्हा नागरिक रात्रीच संसदेकडे धावले आणि खासदारांनी काही तासांत तो रद्द करायला लावला. मे १९८० मध्ये ग्वांगजू येथे लष्कराने केलेले हत्याकांड, त्याबद्दलचा १९९६ चा खटला आणि त्यात माजी राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यांना झालेली शिक्षा, हे सारे त्या पिढ्यांच्या माहितीत होते. हिंसाचाराचा वारसा नेहमी जखमेच्या रूपातच शोधू नये. कधी तो सावधपणाच्या रूपातही सापडतो.

निष्कर्ष लिहिताना ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देण्याचा मोह टाळावा आणि क्षेत्रागणिक लिहावे: कायद्यात किती, मालकीत किती, सत्तेच्या जागांवर किती, बेपत्ता माणसांच्या बाबतीत किती, मतदानात किती. प्रत्येक विधानापुढे आधार आणि तारीख असावी. शेवटी पुन्हा तपासण्याची वेळही नमूद करावी: अभिलेखागार खुले झाले, एखादी कबर उघडली, माफीचा कायदा न्यायालयाने रद्द केला किंवा नवा माफीचा कायदा आला, की जुना निष्कर्ष बाजूला ठेवून त्या क्षेत्रापुरते काम पहिल्यापासून करावे. अर्जेंटिनात १९८६ आणि १९८७ च्या कायद्यांनी खटले थांबवले, २००३ मध्ये संसदेने ते कायदे निरर्थक ठरवले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना घटनाबाह्य म्हटले. १९९५ मध्ये कोणी हा विषय बंद झाल्याचे लिहिले असते, तर दहा वर्षांत त्याला ते पान फाडावे लागले असते.