गोठलेल्या तळ्याचे आवाज: मिनेसोटात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

मिनेसोटातील पहिल्याच हिवाळ्यात हौसेने तळ्यावर मासे धरायला आलेली आपली मंडळी बर्फाचा पहिला दणका ऐकला की गळ टाकून किनाऱ्याकडे धावतात. तीच मंडळी मार्च महिन्यात अजिबात आवाज न करणाऱ्या बर्फावर निर्धास्तपणे खुर्च्या मांडून बसलेली मी पाहिली आहेत. हे नेमके उलट आहे.

जानेवारीतला तो खोल, घुमणारा दणका हा बहुतेक वेळा तापमान बदलल्याचा आवाज असतो. बर्फ थंडीने आकसतो आणि उबेने प्रसरण पावतो. एक किलोमीटर लांबीच्या बर्फाचे तापमान 10 अंश सेल्सियसने बदलले, तर त्याची लांबी सुमारे अर्ध्या मीटरने बदलू पाहते. चहूबाजूंनी किनाऱ्याला जखडलेल्या बर्फाला तेवढी मोकळीक नसल्यामुळे ताण साठत जातो आणि शेवटी तडा जाऊन तो सुटतो. म्हणून सूर्य मावळल्यावर आणि सकाळी ऊन चढताना तळे अधिक बोलते, तर वर भुसभुशीत हिमाचा जाड थर असेल तेव्हा गप्प राहते. तडा दूरवर गेला असेल, तर विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेवर दगड मारल्यावर येतो तसा, वरून खाली घसरत जाणारा लांबट स्वर ऐकू येतो. बर्फाच्या थरातून उंच स्वराच्या लहरी आधी पोहोचतात आणि खर्जातल्या मागाहून येतात. तडा अगदी दोन पायांमधून गेला, तरी पळू नये. गुडघे टेकून त्याच्याकडे नीट पाहावे. काळ्या, स्वच्छ बर्फात एक उभा पांढरा पापुद्रा खाली उतरलेला दिसतो आणि तो किती खोल गेला आहे यावरून जाडीचा अंदाजही येतो. तड्यातून पाणी वर येत असेल, तर मात्र तिथून निघावे.

अंदाजावर विसंबू नये, ऑगरने, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाने, भोक पाडून मोजावे, आणि चालताना ठिकठिकाणी मोजत राहावे. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी जाण्यासाठी किमान 4 इंच आणि लहान मोटारीसाठी 9 ते 10 इंच स्वच्छ, नवा बर्फ लागतो. पांढरट बर्फ असेल, तर ही जाडी दुप्पट धरावी. आपले लोक हे आकडे व्हॉट्सॲपच्या गटात विचारतात आणि ‘सहा इंच आहे म्हणे’ एवढ्या भरवशावर कुटुंबासह निघतात, याचा मला मनापासून राग येतो. तळ्याकाठच्या आमिषाच्या दुकानात विचारावे. इथले लोक कमी बोलतात, पण खरे सांगतात. मात्र त्यांच्यातील काहीजण फार लवकर बर्फावर ट्रक नेतात, त्यांचे अनुकरण करू नये.

शेजारून एखादा ट्रक गेला की मासे धरायला पाडलेल्या आपल्या भोकातले पाणी वर चढते, कडेवर सांडते आणि पुन्हा खाली बसते. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि वजनाखाली वाकतो, त्यामुळे चालत्या गाडीबरोबर त्याच्याखाली लाट धावते. उथळ पाण्यात, विशेषतः किनाऱ्याजवळ, वेगात गाडी नेली तर हीच लाट बर्फ फोडते. गाडी न्यायचीच असेल, तर अगदी सावकाश, खिडक्या उघड्या ठेवून आणि सीटचे पट्टे सोडून न्यावी.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. मिल लॅक्ससारख्या विस्तीर्ण तळ्यावर बर्फाचे प्रचंड थर एकमेकांवर रेटले जाऊन लांबच लांब बांध उभे राहतात आणि त्यांच्या लगत पाण्याच्या भेगा असतात. वारा फिरला की या भेगा काही तासांत रुंदावतात. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने सकाळी जिथून बांध ओलांडला, तिथूनच संध्याकाळी गाडी परत आणली. माणसे वाचली, गाडी तळाशी गेली. बुडालेली गाडी 30 दिवसांच्या आत बाहेर काढण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर असते आणि तो खर्च नव्या संसाराला झेपणारा नसतो. सकाळची वाट संध्याकाळी तीच राहत नाही, हे पुन्हा सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटून वाहू लागला आणि त्यावरील शंभराहून अधिक जणांना सोडवावे लागले. ही माणसे काही नवखीच होती असे नाही.

गळ्यात बर्फात रोवायचे टोचे असू द्यावेत आणि बर्फ फुटून पाण्यात पडल्यास आलो त्याच दिशेने वळून बाहेर यावे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेललेले असते. तंबूत हीटर लावल्यास हवा खेळती ठेवावी. मासेमारीचा परवाना आधी काढावा.

मार्चमध्ये ऊन बर्फात शिरून त्याच्या उभ्या सुया सुट्या करते. जाडी फूटभर भरली तरी जोर उरलेला नसतो आणि असा बर्फ दणका न देताच खचतो. मासेमारीसाठी बर्फावर उभारलेल्या झोपड्या राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या सुरुवातीला आणि उत्तर भागात मार्चच्या मध्यास हटवाव्या लागतात. त्या तारखेच्या आधीच्याच आठवड्यात आपले सामान किनाऱ्यावर आणावे.